सापडेपर्यंतची घंटी

आपल्या मुलखाला देवानं सगळं दिलं, समुद्र तेवढा दिला नाही. तूर दिली, सोयाबीन दिलं, उदगीरला किल्ला दिला, लातूरला शिकवणीचे वर्ग दिले; पाणी वाटायची वेळ आली तेव्हा मात्र त्याचं लक्ष दुसरीकडं होतं. पण हे नावघाटच्या भोयांना सांगायला जाऊ नका. मुखेडहून उदगीरकडं जाताना डाव्या हाताला एक फाटा लागतो, तिथून तीन किलोमीटर आत गेलं की धरणाचं तळं आहे. या तळ्याला नावघाटचे भोई दर्या म्हणतात. पलीकडचा काठ दिसतो, काठावरची म्हैस दिसते, म्हशीच्या पाठीवरचा बगळाही दिसतो, तरी दर्या. "दर्यात चाललो," असं सांगून घरातून निघायचं आणि थर्माकोलच्या तराफ्यावर बसून चिलापी धरून आणायची, असा त्यांचा तोरा.

या दर्याच्या काठाला काळ्या दगडाचं एक गिरजाघर आहे. समुद्रकाठी असतात तसं. फक्त समुद्र नाही आणि ख्रिस्ती माणूसही नाही. निजामाच्या काळात उदगीरहून एक गोरा पाद्री घोड्यावरून यायचा. तेव्हा इथं धरण नव्हतं, नदी होती, आणि भोई लोक गूळ उकळायच्या काहिलीत माणसं बसवून नदीपार न्यायचे. एका भादव्यात पाद्री मधोमध असताना पूर आला आणि वरून धुकं. काहील भोवऱ्यासारखी फिरायला लागली. काठ कुठल्या अंगाला आहे ते कुणालाच कळेना. तेव्हा काठावरच्या भोयणींनी घरातल्या पितळी थाळ्या आणून बडवायला सुरुवात केली. त्या आवाजाच्या रोखानं काहील लागली काठाला. पाद्री उतरला तो थरथर कापत, आणि म्हणाला म्हणे, की तुमचे आत्मे माझ्या हाती लागत नाहीत तर नाही, निदान देह तरी पाण्यातून निघू द्या. दोन वर्षांत त्यानं तिथंच प्रार्थनाघर बांधलं आणि वर घंटा टांगली. आहे चांगली दीड मणाची, पण बाया लाडानं घंटीच म्हणतात.

पाद्र्यानं वीस वर्षं उपदेश केला. एकही भोई बाटला नाही. भोयांनी उलट त्याच्या गिरजाघरालाच आपल्यात घेतलं. पावसाळ्यानंतरची पहिली मासळी पायरीवर ठेवायची, नव्या नवरीनं दाराच्या कडीला हिरवी बांगडी अडकवायची, आणि आतल्या कोनाड्यात पाण्यातल्या सात देवींसाठी, आसरांसाठी, दिवा लावायचा. वर क्रूस, त्या क्रूसावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा, खाली आसरांचा दिवा. नाताळाला उदगीरहून वीस-पंचवीस ख्रिस्ती मंडळी पेटी घेऊन येतात, गाणी म्हणतात, भोयांच्या हातचं कालवण खातात आणि दिव्याकडं न बघितल्यासारखं करून जातात. पुढं धरण झालं, जुनं गाव बारवेसकट पाण्याखाली गेलं, नवं गाव वर सरकलं. गिरजाघर टेकाडावर होतं म्हणून वाचलं. तळं भरलं की पाणी तिसऱ्या पायरीला लागतं.

घंटीचे नियम दोन. धुक्याच्या सकाळी तराफे पाण्यात असतील तर शेवटचा तराफा काठाला लागेपर्यंत ती वाजवायची. हा पहिला. दुसरा असा, की कुणी पाण्यात गेला आणि सापडला नाही, तर रोज दिवेलागणीला सात टोल द्यायचे, तो सापडेपर्यंत. मग महिना लागो की वर्ष. सापडला, जिता म्हणा की मेला, की दोर वर खुंटीला बांधायचा आणि तीन दिवस घंटी मुकी ठेवायची. त्या तीन दिवसांत धुकं पडलंच तर बाया पुन्हा थाळ्या काढतात.

आणि दोर ओढायचा मान एकाच घराचा, तोही बायकांचा. सासूकडून सुनेकडं. गेली चाळीस वर्षं तो सरजाबाईकडं आहे.

सरजाबाई म्हणजे हाडापेरानं वाळलेल्या बोंबलासारखी, आणि तोंड मात्र कट्यारीचं. नवरा ऐन तिशीत काविळीनं गेला. तेव्हापासून मुखेडच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची. समोरच आडतीची दुकानं. तिथले लिंगायत शेटजी तिच्यासमोरून जाताना नाकाला उपरणं लावायचे, आणि ही पाटीवरची माशी हाकत म्हणायची, "शेटजी, नाक झाकलं ते झाकलं, डोळे कामून उघडे ठिवले?" पुढचा माणूस लाजून पळायचा, बाजार हसायचा. या शेटजींत बसलिंगप्पा नावाचे एक होते. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, मापाला सच्चे. त्यांना मात्र ती कधी छेडत नसे. ते जाताना नाक झाकत नसत, हे एक कारण. दुसरं कारण पुढं येतंच.

सरजाबाईला एकच लेक, पिराजी. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पोरगं चोवीस वर्षांचं, दर्यात मासोळीसारखं पोहणारं, आणि सुगीत बसलिंगप्पांच्या आडतीवर टेम्पो चालवायचं. बसलिंगप्पांची धाकटी लेक अंबिका दुकानात बसून पोत्यांच्या चिठ्ठ्या लिहायची. आता टेम्पोवाल्यानं चिठ्ठी घ्यायची आणि निघायचं, एवढंच काम. पण पिराजीला तिचं अक्षर लागेना. दर चिठ्ठी परत आणून विचारायचा, "हे काय लिव्हलंय?" बारावी पास पोरगा, आणि 'सोयाबीन' वाचता येईना. हमालांना पहिल्या आठवड्यात कळलं. शेटजींच्या दोन मुलांना कळलं नाही, कारण ती दोघं मिशांना पीळ देण्यात गुंतलेली असायची. आणि हीच खरी भीती होती. दोघंही तापट. बहिणीचं असलं काही कळलं तर ते बोलत बसले नसते.

श्रावणात पिराजीनं आईला सांगितलं, "माय, आम्ही दोघं चाललो."

सरजाबाईनं आधी दोन भाकरी थापल्या. मग म्हणाली, "पळाली म्हनलं की लोकं शोधत्यात. बुडाली म्हनलं की रडत्यात. शोधणारापरीस रडणारा बरा."

बेत तिचाच. एका पहाटे दोघं उदगीर स्टेशनाकडं गेली. इकडं सरजाबाईनं पिराजीचा तराफा पाण्यात ढकलून दिला आणि गिरजाघराच्या पायरीवर चपलांचे दोन जोड मांडले, एक पिराजीचा, एक अंबिकाचा. उजाडल्यावर घंटीचा दोर धरला, दोघांनी दर्यात जीव दिला असं गावाला कळवायला.

मदतीला एकच बाई होती, शेजारची पंचफुला. बौद्धवाड्यातली, अंगणवाडीतून निवृत्त झालेली. हिची ख्याती अशी, की गावात कुणाला उचकी लागली तरी तिचं कारण हिच्या तोंडून दुपारपर्यंत फाट्यावर पोचायचं. अशा बाईला सरजाबाईनं गुपित सांगितलं. वेड लागल्यासारखंच ते. पण सरजाबाईचा हिशेब निराळा होता: "फुले, तुझ्यावर कुणाचा इश्वास न्हाई. तू खरं सांगितलंस तरी लोकं म्हंतील, पंचफुला पुड्या सोडून राहिली."

अख्खा गाव काठावर जमला. बसलिंगप्पा आले, त्यांची मुलं आली. आणि ऐन वेळी सरजाबाईला रडूच येईना. पदर डोळ्याला लावून उभी, डोळे कोरडे ठणठणीत. पंचफुलानं मागून मांडीला असा चिमटा काढला की काळानिळा डाग महिनाभर राहिला. "रड की सरजे," ती कुजबुजली. सरजाबाईनं हंबरडा फोडला. आणि मग तो थांबेना. लेक जिवंत होता, गाडीत बसला होता, पण गेला तो गेलाच होता की. तिचं रडं खोटं नव्हतं. मेल्याचं नव्हतं एवढंच.

तिचा दीर दगडोबा मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. त्यानं तीन दिवस बुड्या मारल्या. डोळे लाल, बोटं पांढरी. शेवटी तोच म्हणाला, "जुन्या गावच्या बारवेत अडकले असतील. तिथं हात पोचत न्हाई." बसलिंगप्पांनी पोरीच्या चपला उचलल्या, उपरण्यात गुंडाळल्या, आणि कुणाकडं न बघता गेले. पुढं कधीही ते सरजाबाईच्या पाटीवरून गेले तरी ती मान खाली घालायची. तोंडाची कट्यार त्यांच्यापुरती म्यानात.

आता खोटं एकदा बोललं की त्याची भाकरी रोज थापावी लागते. बुडालेला लेक सापडला नाही, म्हणजे दिवेलागणीला सात टोल आले. आज सात, उद्या सात. अकरा वर्षं. तापात ओढले, बोट मोडलं तेव्हा डाव्या हातानं ओढले. गाव म्हणायचं, काय माय आहे बघा. आणि ही मनात म्हणायची, जिवंत लेकाच्या नावानं मी हे काय करून राहिले?

पिराजी तेलंगणात होता, निजामाबादच्या अलीकडं, गोदावरीच्या मोठ्या धरणावर. तिथंही भोयाचंच काम. अंबिका शिवणयंत्र चालवायची. पोरगा झाला, नाव शिवांश. जन्मभर मासळीला न शिवलेली अंबिका आता वाम सोलते, हे ऐकून सरजाबाई पोट धरून हसली होती. ऐकायची सोय अशी: पंचफुलाचा मोबाईल, आणि नावघाटात रेंज येते ती फक्त गिरजाघराच्या पायरीवर. पंचफुला पुनवेला विहारात जायची, तिथून पायरीवर. तेवढ्यात सात टोल होऊन जात, आणि फोन वाजे.

"माय, अजून वाजवून राहिलीस का?"

"तू सापडलास कुठं?"

"मग मी सापडंपर्यंत वाजव."

दर पुनवेला हेच. अकरा वर्षांत शब्द बदलला नाही. दोघं हसायची. एकदा तो म्हणाला होता, "माय, हितं तळं लई मोठं हाय. थंडीत धुकं असं पडतं की आपलाच हात दिसंना. आन् घंटी न्हाई. मी मनात आपली ऐकतो न् अदमासानं येतो." ती म्हणाली होती, "हिकडं ये म्हंजी खरी ऐकशील."

तिला एवढंच हवं होतं. लेकानं एकदा याच पायरीवर येऊन बसावं, तिनं त्याच्या डोळ्यांदेखत दोर खुंटीला बांधावा. जिता सापडला म्हणून. दुसरं काही मागणं नव्हतं.

गेल्या कार्तिकात, बाजाराचा वार नसताना, बसलिंगप्पा एकटे नावघाटात आले. काठी टेकत पायऱ्या उतरले. सरजाबाई दिव्याची वात वळत होती. ते पायरीवर बसले आणि उपरण्याची गाठ सोडली. आत त्याच चपला.

"ह्या वळखता का बाई?"

"तुमच्या पोरीच्या."

"हाव. जुन्या. उजव्याचा अंगठा शिवलेला. ती जायच्या आधी आठ दिवस मी तिला नव्या घेतल्या होत्या, उदगीरहून. त्या घरात न्हाईत." त्यांनी चपला पायरीवर मांडल्या. "जीव द्यायला जाणारी पोरगी नव्या चपला घालून जाती, आन् जुन्या पायरीवर ठिवती?"

सरजाबाईनं वळलेली वात पुन्हा उलगडली.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "पोरांना सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर ती जगली नसती. आता पोरं लातूरला गेली, त्यांचे त्यांचे धंदे हायत, त्यांना बापच आठवत न्हाई तर बहीण कुठं. घरात बसम्मा, पोरीची माय, अंथरुणाला खिळली. भिंतीकडं तोंड करून कानडीत अंबिकाशी बोलत राहती. तुमच्या पाया पडा म्हनलं तर पडतो, पोरगी एकदा तिला भेटू द्या."

"शेटजी, तसलं काही बोलू नका," सरजाबाई म्हणाली. अकरा वर्षांची सवय, खरं तोंडाबाहेर निघता निघेना. शेवटी म्हणाली, "पाण्यानं नेलेलं पाण्यालाच इचारावं लागंल."

"मग इचारा."

"पुनवेला इचारते."

बसलिंगप्पांनी मान डोलावली. पुनवेचं काय ते त्यांनी विचारलं नाही. व्यापारी माणूस, सौदा झाला की बोलत नाहीत.

मार्गशीर्षाच्या पुनवेला पिराजीला सांगितलं तेव्हा पलीकडून आधी अंबिकाचं रडणं ऐकू आलं. मग पिराजी म्हणाला, "संक्रांतीला येतो, माय. तिघंबी."

"मग दोर बांधू का त्या दिवशी?"

"मी सापडंपर्यंत वाजव," तो म्हणाला, आणि या वेळी हसताना त्याचा आवाज फाटला.

त्या महिन्यात सरजाबाई अठरा वर्षांची झाली. गिरजाघर आतून-बाहेरून झाडलं, दाराला एरंडेल लावलं. नातवाला सदरा आणला तो दोन वर्षांनी मोठा, "पोरं वाढत्यात" म्हणून. एकच घोर होता: गावाला सांगायचं काय? बुडालेला पोरगा अकरा वर्षांनी बायको-पोरासकट वर कसा आला? यावर पंचफुलाचा तोडगा तयार. "म्हणावं, आसरांनी पाव्हणा म्हणून नेला होता. पाहुणचार संपला, सोडला."

"अकरा वर्सं पाहुणचार?"

"आसरा सात हायत. एकीच्या घरी दीड-दीड वर्स म्हनलं तर बराबर बसतंय."

दोघी पायरीवर बसून इतक्या हसल्या की क्रूसावरचा पाणकावळा उडाला. पौषाच्या पुनवेला फोन आला, येणं पक्कं झालं. उदगीरची गाडी, तिथून एसटी.

पुनव होऊन चार दिवस झाले होते. दुपारची वेळ. पंचफुला पायरीवर मोबाईल बघत बसली होती, सरजाबाई आत कोनाडा पुसत होती. फोन वाजला. पुनव नसताना वाजला. पंचफुलानं उचलला, आणि सरजाबाईला आतून तिचं बोलणं ऐकू आलं नाही, पाठ तेवढी दिसली. ती पाठ हळूहळू वाकत गेली.

"दे हिकडं," सरजाबाई म्हणाली.

अंबिका होती. तिचा आवाज बसलेला. "आत्या, परवा पहाटं गेले होते. धुकं होतं. तराफा दुपारी मिळाला. मी फोन नाही केला, म्हणलं सापडतील, पोहता येतं त्यांना. काल सांजच्याला सापडले. आज सकाळी माती केली." मग म्हणाली, "मी काठावर जाऊन ताट वाजवलं आत्या. तुमच्यात वाजवत्यात म्हणून ते सांगायचे. पण तळं लई मोठं हाय. गेलं नसंल तिथवर."

सरजाबाईनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. तिकडून बंद झाला तरी. मग पदरानं पुसून तो पंचफुलाला परत दिला.

पंचफुला हमसून रडायला लागली. सरजाबाई म्हणाली, "रडू नको. कुणी बघितलं तर इचारंल, कोण मेलं. काय सांगशील?"

खरंच, काय सांगणार होती? पिराजी अकरा वर्षांपूर्वीच मेला होता. गावानं त्याला रडून घेतलं होतं, दहावा-तेरावा जेवलं होतं, त्याच्या नावानं दर साली पाण्यात भात सोडला होता. लेकाच्या वाटणीचं सगळं रडं गावानं केव्हाच देऊन टाकलेलं. आता खरा गेला, तर सरजाबाईनं कुणाच्या दारात जाऊन हंबरडा फोडायचा? मेलेला पुन्हा मेला म्हणून?

पंचफुलानं तिचा हात धरला. सरजाबाई तिच्याकडं बघून म्हणाली, "आता चिमटा घिऊ नको, फुले. आता न्हाई येत."

दिवेलागण झाली. सरजाबाईनं दिवा लावला. दोराखाली उभी राहिली. नियम तिच्याहून जुना होता, त्यात तिचं काही चालत नव्हतं. सापडला की दोर बांधायचा. पिराजी सापडला होता. तिनं टाचा उंचावून दोर वर खुंटीला गुंडाळला, गाठ मारली आणि भिंतीला टेकून खाली बसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या वेळी तिच्या हातात काही नव्हतं. हात कुठं ठेवावेत तिला कळेना.

वर गावात चुली पेटत होत्या. घंटी झाली नाही. कुणी तवा उतरवला, कुणी टीव्हीचा आवाज कमी केला. पंधरा मिनिटं गेली. मग अंधुकशा उजेडात पाण्यात काही हललं. दगडोबा होता. धोतरासकट गळ्याएवढ्या पाण्यात शिरून त्यानं डोकं बुडवलं, घरी माणूस गेल्यावर करतात तशी आंघोळ केली, आणि निथळत येऊन पायरीवर बसला.

"कवा गेला?" त्यानं विचारलं.

सरजाबाईनं त्याच्याकडं बघितलं. "भावजी, तुमाला ठाव व्हतं?"

"वैनी, मी भोयाच्या पोटचा. दोघं तराफ्यावरून दर्यात गेली म्हणता, आन् वल्हं तराफ्याला बांधलेलंच. वल्हं न सोडता मधोमध कशी गेली?"

"मग तीन दिस बुड्या कशाला मारल्या?"

"तुमी बेत केला होता. कुणीतरी बुड्या मारायला पायजे होत्या."

"आन् गाव?"

दगडोबानं धोतर पिळलं. "गावाला म्या सांगितलं न्हाई. पर गावाला काय डोळे न्हाईत?"

तेवढ्यात वरून बाया उतरताना दिसल्या. हातात झाकलेल्या टोपल्या. मेलेल्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारच्या घरांतून कडू भाकर येते. भाकरी, पिठलं आणि वर कडुनिंबाची दोन पानं. अकरा वर्षांपूर्वी ती कुणी आणली नव्हती, हे सरजाबाईला आता आठवलं. तेव्हा बाया आल्या, रडल्या, हळहळल्या, आणि भाकर मात्र एकीनंही आणली नाही. तेव्हा तिला वाटलं होतं, गडबडीत विसरल्या असतील. गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढणाऱ्या या बाया. कुणाची म्हैस कितीला गेली हे घरधन्याआधी यांना ठाऊक. अकरा वर्षं एकही बोलली नव्हती. त्यांनी टोपल्या पायरीवर ठेवल्या आणि भोवती बसल्या. एकीनं भाकरीचा तुकडा मोडून पिठल्यात बुडवला आणि सरजाबाईच्या तोंडापाशी धरला.

तिनं तो खाल्ला. कडू पान दाताखाली आलं, आणि मग तिला रडू आलं.

ठरलं असं, की पहाटे जाळी उचलायची, मासळी बर्फात टाकायची आणि सोसायटीच्या टेम्पोनं सगळ्यांनी निजामाबादकडं निघायचं, तिसऱ्या दिवसाच्या विधीला. सून-नातवाला घेऊन यायचं. वाटेत मुखेडला थांबून बसलिंगप्पांना सांगायचं. ते कुणी सांगायचं हा प्रश्न आला, तेव्हा सरजाबाईच म्हणाली, "मी सांगते. त्यांनी मला पाण्याला इचार म्हनलं होतं."

पहाटे दर्यावर धुकं पडलं. पायरी दिसेना इतकं. सोळा तराफे जाळी उचलायला पाण्यात गेलेले. घंटी मुकी, म्हणून बायांनी थाळ्या आणल्या. पण थाळ्यांची रीत होती नदीच्या काळची. तेव्हा काठ हाकेच्या अंतरावर होता. आता स्टीलच्या ताटाचा आवाज पन्नास हातांवर जाऊन विरत होता. बाया बडवत राहिल्या. पाण्यातून कुणाचंच उत्तर येईना. एक तरणी सून, तिचा नवरा आत होता, ताट खाली ठेवून नुसती उभी राहिली.

सरजाबाई भिंतीपाशी बसलेली होती. ती उठली. खुंटीची गाठ सोडायला बोटं चालेनात, तेव्हा दातानं सोडली.

"वैनी, तीन दिस न्हाई वाजवत," काठावरून दगडोबा म्हणाला. त्याच्या बोलण्यात जोर नव्हता.

तिनं दोर ओढला. टोल धुक्यात गेला आणि लांबून कुणीतरी हाळी दिली. मग दुसरी. एकेक तराफा धुक्यातून काळा होत काठाला लागायला लागला. दगडोबा मोठ्यानं मोजत होता. तेरा. चौदा. पंधरावा बराच वेळ आला नाही, मग उरलेले दोन्ही बरोबरच आले.

"सोळा," दगडोबा म्हणाला. "आले समदे, वैनी."

सरजाबाई ओढत राहिली. पायरीवर तराफे टेकले, जाळी उतरली, मासळीवर बर्फ पडला. सूर्य धुक्यात पांढरा झाला. ती ओढतच होती, डोळे पाण्याकडं, सोळा तराफे आले त्याच्या पलीकडं.

पंचफुला पुढं निघाली तसं दगडोबानं तिला हातानं थांबवलं. वर टेम्पोच्या ड्रायव्हरनं घड्याळ बघितलं, आणि मग इंजिन बंद करून टाकलं.